एका गावात दोन पंचांगे



थंडीच्या दिवसांत या पानासाठी जी पत्रे आली, त्यांत एका ताईंचे चार पानी पत्र होते. गव्हाला पहिले पाणी देण्याच्या सुमाराला लिहिलेले. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, तेव्हा ते सांगत नाही. खरे म्हणजे सांगायची गरजही नाही. असे घर आणि अशी विहीर दर दोन शिवारांआड सापडेल.

विहीर सामाईक. निम्मी ताईंच्या घरची, निम्मी शेजारच्या मुलाण्यांची. दोन्ही घरच्या आज्यांनी मिळून खणलेली, सातबाऱ्यावर दोघांची नावे, मोटर एकच. एक दिवस यांचे पाणी, एक दिवस त्यांचे. ज्या आठवड्यात वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात दोन्ही घरची तरणी पोरे बरोबर जायची. पाणी कोणाचेही असो, एकजण स्टार्टरपाशी आणि दुसरा बॅटरी घेऊन दारे धरायला. बालवाडीपासून बारावीपर्यंत एका बाकावर बसलेली ही दोघे.

२०२५ साली ५ सप्टेंबरला शुक्रवारी ईद-ए-मिलाद आली आणि लगेच दुसऱ्या दिवशी शनिवारी अनंत चतुर्दशी. मशिदीकडच्या मुलांनी पेठेच्या तोंडाशी कमान घातली होती. मंडळाच्या मुलांचे म्हणणे, आमची गाडी तिथून निघणार नाही, कमान रात्रीच काढा. त्यांचे म्हणणे, सकाळी काढतो. मग कोणीतरी अंधारात कमान ओढून पाडली. कोणी पाडली ते अजून कळलेले नाही. त्यावरून शब्दाला शब्द लागला, मोबाईलवर नको ते लिहिले गेले, दोन दिवस पोलिसांची गाडी चावडीसमोर उभी राहिली. गुन्हा दाखल झाला नाही, कोणाला लागलेही नाही. पण ही दोन पोरे त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि आता प्रत्येकजण आपापल्या पाळीला एकटा जातो. कार्तिकात एकदा ताईंच्या मुलाच्या पायाशी बांधावर घोणस निघाली. बॅटरी त्याच्याच हातात होती आणि फावडेही त्याच्याच हातात. वाचला. ताई लिहितात, रात्री पोरगा पाण्यावर गेला की त्यांना झोप लागत नाही. आणि ज्या रात्री मुलाण्यांची पाळी असते त्या रात्री पलीकडच्या खिडकीतही दिवा असतो, म्हणजे भाभीही जागीच. दोघी बायका एकमेकींच्या खिडकीकडे बघत बसतात, पण विषय कोणी काढीत नाही. काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, ‘सगळे धर्म सारखेच, सगळे आपण एकच’ हे वाक्य मी तुम्हाला लिहून पाठवणार नाही. शाळेच्या फळ्यावर ते ठीक दिसते. पण तुमच्या आणि भाभींच्या घरात रोजच्या जगण्यात किती फरक आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुम्ही मूर्तीसमोर हात जोडता, त्यांना ते चालत नाही. तुमच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि चहा असतो, त्यांच्या रोजाला दिवसभर पाण्याचा थेंब नसतो. ज्वारीत तूर पेरणारा माणूस ज्वारीला ‘तू तुरीसारखी हो’ म्हणत नाही. ज्वारी चार महिन्यांत निघते, तूर तिच्यामागे रानात उभी राहते, आणि म्हणूनच दोघींना एका रानात जागा पुरते. माणसांचेही गणित मला तसेच दिसते. एकसारखे व्हायचे नाही, पण दुसऱ्याची वेळ माहीत करून घ्यायची.

वेळ म्हटले म्हणून आधी थोडे पंचांगाविषयी सांगतो. कारण पुष्कळ तरण्या मुलांना वाटते की हे सण मुद्दाम एकमेकांच्या अंगावर आणले जातात. कोणी आणीत नाही. चंद्र आणतो.

चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने मोजले की होतात ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते. आपल्या जुन्या माणसांनी ती तूट भरून काढायला अधिक महिना घातला, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, ज्यात जावईबापूंना अनारसे आणि धोंडे मिळतात. सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी तो येतो आणि पंचांग पुन्हा हंगामाला जुळते. म्हणून आपली आषाढी नेहमी पावसात आणि संक्रांत नेहमी थंडीत. (संक्रांतीचा हिशेब सूर्याचा आहे, ते वेगळे.) मुसलमानी पंचांगात अधिक महिना नाही. त्यांचे सण दरसाल अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि तेहतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा त्याच जागी येतात. रमजान कधी वैशाखाच्या उन्हात असतो, कधी पौषाच्या थंडीत.

आता गंमत पाहा. दोन्हीकडे महिना चंद्रावरच चालतो. आपल्या बीजेच्या सुमाराला त्यांना कोर दिसते आणि महिना सुरू होतो. म्हणजे त्यांची दहा तारीख आपल्या एकादशी-द्वादशीच्या आसपास पडणार आणि बारा तारीख चतुर्दशीच्या जवळ. बकरी ईद दहा तारखेला. मोहरमचा मुख्य दिवस दहा तारखेला. ईद-ए-मिलाद बारा तारखेला. महिना जुळला की दिवस जुळलाच म्हणून समजा. २०२२ साली १० जुलैला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. २०२३ साली २९ जूनला पुन्हा तसेच. २०२४ आणि २०२५ साली आषाढीच्याच दिवशी मोहरमची दहा तारीख. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी अक्षय तृतीयेलाच रमजान ईद. आणि २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एका दिवशी.

दोन-तीन वर्षे सलग असे का होते, याचेही कारण साधे आहे. अधिक महिना येईपर्यंत दोन्ही पंचांगे बरोबरीने अकरा-अकरा दिवस मागे सरकतात, जोडीने चालणाऱ्या बैलांसारखी. अधिक महिना आला की आपले पंचांग महिनाभर थांबते, त्यांचे पुढे जाते, आणि जोडी सुटते. मग दुसऱ्या सणाशी दुसरी जोडी जमते.

शेतकऱ्याला अकरा दिवसांनी पळणारे वर्ष सोयीचे नाही, हे सरकारलाही फार पूर्वी कळले होते. सारा पिकावर घ्यायचा, मग वर्ष पिकाबरोबर चालले पाहिजे. शिवशाहीच्या आणि पेशवाईच्या कागदांवर ‘शुहूर सन’ घातलेला असे. त्यातले आकडे अरबी शब्दांत, महिने मोहरम, सफर, रबिलावल असे चंद्राचे. पण वर्ष बदलायचे ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पेरणीचा मुहूर्त कुणब्याचा आणि मोजणी अरबी, असे ते वर्ष शेकडो वर्षे या मुलखात चालले. आणि खरीप व रब्बी हे शब्द तरी कुठले? दोन्ही अरबीच. ज्या रबिलावल महिन्यात ईद-ए-मिलाद येते, त्यातला ‘रबी’ आणि आपल्या हरभऱ्या-गव्हाचा ‘रब्बी’ हा मुळात एकच शब्द. कमान पाडणाऱ्याला हे माहीत असते तर त्याने कमान पाडली नसती असे मी म्हणत नाही. पण ठाऊक असावे.

आता माझ्या आठवणीतली गोष्ट सांगतो. गणेशोत्सवात मोहरम आला तो १९८५, ८६ आणि ८७ साली. त्यानंतर पुन्हा आला तो थेट २०१८, १९ आणि २० साली. मधे तेहतीस वर्षे. १९८६ साली मी विशी ओलांडलेला होतो आणि आमच्या गावच्या मंडळाचा खजिनदार होतो. खजिनदार म्हणजे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वर्गणी ठेवणारा, एवढेच. त्या वर्षी मोहरमची दहा तारीख आणि अनंत चतुर्दशी यांत दोनच दिवसांचे अंतर होते.

श्रावण संपता संपता पाटील, मशिदीचे म्हातारे मुजावर आणि आम्ही पोरे चावडीवर बसलो. मला वाटले होते मोठी भाषणे होतील. भाषण कोणी केले नाही. पहिला प्रश्न निघाला हलगीवाल्यांचा. आमच्या गावात हलगी-सनईचा ताफा एकच. गणपतीपुढे तेच वाजवणार आणि पंज्यांपुढेही तेच. एका वेळी दोन्हीकडे ते कसे जाणार? दुसरा प्रश्न गॅसबत्त्यांचा. बत्त्या भाड्याने देणारा तालुक्याला एकच आणि त्याच्याकडे मागणी सगळ्या गावांची. मग हिशेब बसला. कत्तलच्या रात्री गणपतीपुढचे भजन नऊला आटपायचे, आणि बत्त्या व हलगी पंज्यांकडे जाणार. विसर्जनाच्या दिवशी गाडी उजेडी काढायची आणि दिवे लागायच्या आत नदीवर पोचायची, म्हणजे ताफ्याला रात्री शेजारच्या गावी जाता येईल. मंडळाची मिरवणूक रात्रीची नाही म्हणून आम्ही पोरे रुसलो. पाटलांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, मग हलगी तुम्ही वाजवा. विषय संपला.

त्या रात्री पंजे गणपतीच्या मांडवासमोर आले तेव्हा हलगी थांबली. कोणी घोषणा केली नाही, तसे ठरलेही नव्हते. पण मुजावरांनी हात वर केला, ताफा थांबला, मांडव ओलांडला आणि पुन्हा सुरू झाला. परवा विसर्जनाच्या गाडीने मशिदीसमोर तेच केले. आमच्याकडे पुष्कळ हिंदू घरांतली मुले नवसाने मोहरमात फकीर व्हायची, गळ्यात हिरवा-लाल दोरा बांधायची. त्या वर्षी माझा धाकटा चुलतभाऊ दहा दिवस फकीर होता आणि सकाळ-संध्याकाळ गणपतीच्या आरतीची घंटाही तोच वाजवत होता. त्याच्या आईला कोणी विचारले नाही की हे कसे चालते. मुलगा दुखण्यातून उठला होता, दोन्हीकडे नवस बोलला होता, दोन्ही फेडायचे होते.

हे सगळे आठवून ‘तेव्हा माणसे चांगली होती’ असे म्हणायचा मोह होतो. पण तसे नव्हते. माणसे तेव्हाही भांडत होती. बांधावरून डोकी फुटत होती, आणि त्या चावडीवर कोणाला किती पुढे बसू द्यायचे याचे नियम आठवले तर आज लाज वाटते. फरक एवढाच की तेव्हा हलगी एक होती. एक असल्यामुळे विचारावे लागे. विचारायला गेले की बसावे लागे, चहा घ्यावा लागे, आणि मग त्यांचे काय कधी आहे ते कळे. आज दोन्हीकडे आपापला डीजे आहे, आपापला जनरेटर आहे. कोणाला काही विचारायची गरज उरली नाही. पैसा आला आणि चावडी ओस पडली, असे मी म्हटले तर मुलांना राग येतो. येऊ दे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मोहरम आणि गणपती एका पिढीला फार तर दोनदा एकत्र येतात. २०१८ साली आमच्या गावात प्रश्न निघाला तेव्हा पाटील नव्हते, मुजावर नव्हते, आणि चावडीवर त्या वेळी बसलेल्यांपैकी मी आणि आणखी दोघे उरलो होतो. मंडळाच्या अध्यक्षाचा १९८६ साली जन्मही झाला नव्हता. त्याला वाटत होते की असा पेच गावावर पहिल्यांदाच आला आहे. मी कसे ठरले होते ते सांगितले, तर म्हणाला, ‘काका, हे कुठे लिहिलेले आहे का?’ कुठेच नव्हते. विहिरीच्या पाळीची वही असते, सोसायटीच्या कर्जाची असते, लग्नातल्या आहेराचीसुद्धा असते. गाव कसे निभावले त्याची वही कोणी ठेवत नाही.

तर मुलांशी बोलायचे असेल तेव्हा मी एक प्रश्न विचारतो. काय हलते आणि काय हलत नाही? विहीर हलत नाही, पाळी हलते. सणाचेही तसेच आहे. ईदची नमाज त्याच सकाळी होणार, ती हलत नाही. एकादशीचा उपास एकादशीलाच, तो हलत नाही. पण कुर्बानीला दहा, अकरा आणि बारा अशा तीन तारखा चालतात. २०२३ साली महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी आषाढीच्या दिवशी नमाज पढली आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली, ती या आधारावर. मिरवणूक हलते. त्याच वर्षी ईद-ए-मिलादची मुंबईची मोठी मिरवणूक अनंत चतुर्दशीला न काढता दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला निघाली आणि सरकारने सुट्टीही त्या दिवशी दिली. गणपतीचेही पाहा: दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस, दहा दिवस, सगळे शास्त्रात बसते. विसर्जनाची तिथी पाळायची म्हणून वाजतगाजत जायची घटका आणि वाट ठरलेलीच असली पाहिजे असे कोणत्या पोथीत आहे? जे हलत नाही त्याला हात लावायचा नाही आणि जे हलते त्यावरून रक्त आटवायचे नाही. पण त्यासाठी दुसऱ्याच्या घरात काय हलते ते आधी माहीत हवे. आमच्या मंडळातल्या वीस पोरांना मी विचारले, कुर्बानीचे दिवस किती? एकालाही सांगता आले नाही. मशिदीकडच्या मुलांना विचारले, गौरी किती दिवसांच्या? तिथेही तेच.

इथे ताईंच्या पत्रातले एक वाक्य मला टोचले. मुलाण्यांचा मुलगा भांडणाच्या दिवशी म्हणाला होता, दर वेळी आम्हीच का सरकायचे? ताईंनी ते तक्रार म्हणून लिहिलेले नाही, नुसते लिहिले आहे. पण त्या पोराचे म्हणणे खोडून काढता येत नाही. वर मी दिलेली उदाहरणे पुन्हा पाहा. कुर्बानी त्यांनी पुढे ढकलली, मिरवणूक त्यांनी पुढे ढकलली. वर्तमानपत्रात कौतुक छापून आले आणि ते योग्यच झाले. पण जो नेहमी सरकतो त्याला एक दिवस भिंत लागते. १९८६ साली गाडी उजेडी काढली ती आम्ही. रुसून का होईना, सरकलो. ज्या गावात मोठे घर कधीच सरकत नाही, तिथे शांतता असली तरी ती लहान घराच्या खर्चाने असते. आपल्यातल्या काही वाचकांना हे आवडणार नाही. त्यांनी मला लिहावे.

सांगली जिल्ह्यात वाळवे तालुक्यात गोटखिंडी नावाचे गाव आहे. १९८० साली गणेशोत्सवात तिथे जोराचा पाऊस झाला आणि मूर्ती भिजू लागली. तेव्हा मशिदीकडच्या लोकांनी मूर्ती आत आणून ठेवा म्हणून सांगितले. तेव्हापासून त्या गावात गणपती मशिदीत बसतो. ज्या वर्षी बकरी ईद गणपतीत आली, त्या वर्षी तिथल्या मुसलमानांनी नमाज तेवढी पढली आणि कुर्बानी केली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडलाही काही मशिदींत गणपती बसतात, आणि मोहरम जुळला त्या वर्षी पंजे आणि गणपती एका छपराखाली होते. एकीकडे मोदक, एकीकडे चोंगे आणि मालिदा.

पण सगळ्या गावांनी असेच करावे असे माझे म्हणणे नाही. मशिदीत मूर्ती ठेवणे ज्याच्या मनाला पटत नाही असा मुसलमान वाईट शेजारी होत नाही. पंज्यापुढे नारळ न फोडणारा हिंदूही होत नाही. गोटखिंडीला पाऊस आला आणि कोणाला तरी सुचले. दुसऱ्या गावी दुसरे सुचेल. एखाद्या गावी नुसती हलगी थांबेल, आणि तेवढ्याने भागेल. मला गोटखिंडीचे आवडते ते एवढ्याचसाठी की तिथे सुरुवात कोणाच्या व्याख्यानाने झाली नाही. मूर्ती भिजत होती, छप्पर जवळ होते.

आता ताई, तुमची विहीर.

तुम्ही पत्राच्या शेवटच्या पानावर, जवळजवळ सहज, एक गोष्ट लिहिली आहे. तुमचे लग्न होऊन तुम्ही या घरी आलात त्या वर्षांत, म्हणजे १९९८च्या आसपास, रमजान डिसेंबर-जानेवारीत, ऐन गव्हाच्या पाण्यात यायचा. तेव्हा तुमच्या मामंजींनी आणि मुलाण्यांच्या म्हाताऱ्या चाचांनी पाळी दिवसाची न ठेवता वेळेची केली होती. रोजा सोडायची वेळ दिवेलागणीची, म्हणून संध्याकाळी मोटर तुमच्या घरचे बघणार, पाणी कोणाच्याही रानात चालू असो. आणि पहाटे ते सहरीला उठतातच, म्हणून पहाटेची मोटर ते बघणार आणि तुमचे घर झोपणार. तीन-चार हंगाम असे चालले. मग रमजान सरकत सरकत दिवाळीत गेला, पावसाळ्यात गेला, उन्हाळ्यात गेला, आणि ही व्यवस्था विसरली गेली. तुमच्या मुलाला तर ती कोणी सांगितलेलीच नाही.

रमजान आता पुन्हा रब्बीत आला आहे. २०२६ साली तो फेब्रुवारीत लागला, आणि दरसाल अकरा दिवस अलीकडे येत येत पाच-सहा वर्षांत पुन्हा ऐन थंडीत, गव्हाच्या पहिल्या पाण्यावर येऊन बसेल. म्हणजे वेळ तुमच्या बाजूची आहे. कमानीचा विषय काढू नका. कोणी पाडली ते विचारू नका. ते पोलिसांनाही सापडले नाही. मुलांना एकमेकांच्या गळ्यात पडायलाही सांगू नका, त्या वयात ते जमत नाही आणि जमले तर टिकत नाही. भाभींकडे जा आणि नुसते विचारा की सहरीला तुम्ही किती वाजता उठता. पुढचे मोटर ठरवील. आणि काय ठरते ते वहीत लिहा. दोन्ही घरांनी सही करा. यंदा कोण सरकले तेही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी.

हे मी त्यांना पोस्टकार्डावर कळवले होते. हरभऱ्याची काढणी चालू असताना त्यांचे उत्तर आले, या वेळी अर्ध्याच पानाचे. भाभींकडे जायला त्यांना तीन दिवस धीर झाला नाही. चौथ्या दिवशी त्या वाटीभर तीळ घेऊन गेल्या, कारण रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही. भाभींनी वाटीत खजूर घालून दिले, कारण रिकामी वाटी परत देणे बरे दिसत नाही. सहरी साडेचारच्या सुमाराला असते असे कळले. वही शाळेची, दोनशे पानी, घेतली आहे आणि ती विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे.

मुले अजून बोलत नाहीत. पण ताईंच्या मुलाने वहीत पहिल्या रात्री लिहिले आहे: ‘वरच्या दाराला उंदराने भोक पाडले आहे, माती टाकली, पहाटे बघणे.’ त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात आहे: ‘बघितले. ठीक आहे. बॅटरीचा सेल संपत आलाय, नवीन आण.’